दोष शोधणे आणि दोष देणे

‘दोष’ हा एकच शब्द आपल्या भाषेत किती निरनिराळ्या घरी नांदतो, हे पाहू गेल्यास मौज वाटते. वैद्याच्या घरी वात, पित्त व कफ हे दोष. ते कुपित झाले म्हणजे रोग होतो, पण म्हणून त्यांच्यावर कोणी खटला भरीत नाही. ज्योतिष्याच्या घरी तो ग्रहांचा. गौतमाच्या न्यायसूत्रांत राग, द्वेष व मोह यांना दोष म्हटले आहे. म्हणजे तेथे तो पाहणाऱ्याच्या अंतःकरणात असतो, पाहिल्या जाणाऱ्या वस्तूत नव्हे. रत्नपारखी हिऱ्यात दोष पाहतो, वैयाकरण वाक्यात पाहतो आणि सासू सुनेत पाहते. या शेवटच्या ठिकाणी मात्र शब्दाचा रंग पालटतो. हिऱ्यातला दोष सापडतो. सुनेला दोष दिला जातो. सापडणे आणि देणे या दोन क्रियापदांत जे अंतर आहे त्याविषयी आम्हांला येथे काही लिहावयाचे आहे; आणि ते लिहिण्याची पाळी आमच्यावर एका जुन्या मोटारीने आणली, तीही आमच्या हातून एक अन्याय घडवून.

भिलाईस आमच्या शेजारी पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले एक इंजिनिअर राहतात. ते मूळचे नागपूरकडचे. आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांच्याजवळ १९६६ सालची, एम. जी. बी. या जातीची, दोन आसनांची उघडी मोटार आहे. इंग्लंडातील ॲबिंग्डन गावी १९६२ ते १९८० या काळात या जातीच्या पाच लाखांच्या आसपास गाड्या तयार झाल्या. हिंदुस्थानात आलेल्या त्यांतल्या मूठभरच. काकांची गाडी कोणा परदेशी वकिलातीतील अधिकाऱ्याबरोबर दिल्लीस उतरली आणि तीन घरे बदलून चौथ्या घरी, म्हणजे काकांकडे, आली. भिलाईचा कारखाना १९५५ च्या रशियाबरोबरच्या करारातून उभा राहिला आणि त्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. यंत्रापायी वसलेल्या अशा गावात एका म्हाताऱ्याने जुन्या यंत्रावर जीव लावावा, यात कोणाला नवल वाटत नाही. रविवारी सकाळी काका ती गाडी पुसतात, आणि शेजारचे आसन रिकामे असल्यास आम्हांला हाक मारतात.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका संध्याकाळी आम्ही दोघे जी. ई. रोडने सुपेल्याकडून दुर्गच्या बाजूस निघालो होतो. गाडी साठाच्या वेगात होती. एकाएकी इंजिनाला उचकी लागल्यासारखे झाले. काकांनी पाय काढला, तेव्हा ते सावरले. पुन्हा पाय दिला, तेव्हा पुन्हा उचकी. आणि तिसऱ्या खेपेस ते ठार बंद पडले. मागून एक भरलेला ट्रक येत होता. त्याच्या चालकाने गाडी उजवीकडे काढली नसती, तर हा लेख लिहिण्यास आम्ही उरलो नसतो. ट्रकचा वारा तेवढा अंगावरून गेला. दहा मिनिटांनी, काहीही न करता, इंजिन पहिल्या किल्लीस सुरू झाले आणि निमूटपणे घरी आले.

आता पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी कशी पडते, हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. कारण पुढील सर्व निवाडा तिच्यावरच आहे. बॅटरीचा बारा व्होल्टांचा प्रवाह कॉइल नावाच्या डब्यातील जाड तारेच्या वेटोळ्यातून वाहत असतो. तो एकाएकी तोडला म्हणजे त्याच डब्यातील बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत क्षणमात्र कित्येक हजार व्होल्टांचा दाब उत्पन्न होतो, आणि प्लगच्या टोकाशी ठिणगी उडते. फॅराडेने १८३१ साली शोधून काढलेले तत्त्व हेच. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग याने १९१० च्या सुमारास ते मोटारीच्या कामी ज्या रीतीने जुळवून दिले, तीच रीत पुढे साठएक वर्षे चालली. प्रवाह तोडण्याचे काम पॉइंट नावाची, धातूच्या दोन टिकल्यांची जोडी करते. या गाडीत त्यांच्यामधील फट इंचाच्या हजार भागांपैकी चौदा ते सोळा भाग असावी लागते. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर चार सिलिंडरांना मिळून मिनिटाला सहा हजार ठिणग्या लागतात. म्हणजे त्या टिकल्या दर सेकंदास शंभर वेळा उघडतात व मिटतात. त्या जळून जाऊ नयेत म्हणून शेजारी कंडेन्सर असतो. हा सारा संसार डिस्ट्रिब्यूटर नावाच्या, फुलपात्राएवढ्या भांड्यात मांडलेला असतो. यात एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पॉइंट ज्या चकतीवर बसवलेले असतात, ती चकती स्थिर नसते. गाडी रस्त्यावर धावू लागली की इंजिनाच्या शोषणाने एक पडदा ओढला जातो; तो त्या चकतीला किंचित फिरवतो, आणि ठिणगी थोडी आधी पडते. चकती फिरते म्हणून भांड्याच्या कडेपासून पॉइंटांपर्यंत जाणारी दोन बोटे लांबीची एक तार लवचिक ठेवावी लागते. या तारेकडे कोणाचे लक्ष जात नाही. आमचेही गेले नाही.

आमचे लक्ष गेले ते एका माणसाकडे. आदल्याच दिवशी पॉवर हाऊसकडच्या एका गॅरेजातील पोराने काकांच्या अंगणात येऊन गाडीचे पॉइंट बदलले होते. पोरगा एकोणीस-वीस वर्षांचा, दुर्गजवळच्या खेड्यातला, हाताचा हलका, बोलण्यात जेमतेम. दुसऱ्या दिवशी काकांनी त्याला आणि त्याच्या मालकाला बोलावले. काका अजून ट्रकच्या भीतीतून बाहेर आले नव्हते. त्यांचा आवाज चढलेला होता. पोरगा एवढेच म्हणत राहिला की आपण फट बरोबर ठेवली होती. काकांनी आमच्याकडे वळून मराठीत विचारले, “अरे, तू शेजारीच बसला होतास. तूच सांग, दोष कोणाचा?”

आम्ही मराठीतच उत्तर दिले. परप्रांतात राहणाऱ्या आपणां मराठी माणसांना ही एक सवय असते: समोरच्याविषयी त्याच्यासमोरच बोलावयाचे असले की आपण आपल्या भाषेच्या आडोशाला जातो. आम्ही म्हणालो, “काल याच्याशिवाय दुसऱ्या कोणी हात लावला नव्हता. दोष याचाच.” वाक्याचा पहिला अर्धा भाग अक्षरशः खरा होता. दुसऱ्या अर्ध्या भागातला मुख्य शब्द हिंदीत, छत्तीसगढीत आणि मराठीत सारखाच आहे, याचे भान आम्हांला पोराने मान खाली घातली तेव्हा आले. मालकाने त्याला त्याच दिवशी काढून टाकले, आणि पंधरा दिवसांची मजुरी गाडीच्या नुकसानीपोटी ठेवून घेतली. नुकसान काही झालेले नव्हते. पण तसे सांगण्यास त्या वेळी कोणी तोंड उघडले नाही.

या ठिकाणी आम्हांला आपल्या नैयायिकांची आठवण होते. कोणत्याही कार्यापूर्वी ज्या अनेक गोष्टी हजर असतात, त्यांतील कारण कोणते आणि केवळ उपस्थित कोणते, याचा त्यांनी फार बारकाईने विचार केला आहे. सतराव्या शतकातील विश्वनाथ पंचानन यांच्या ‘भाषापरिच्छेद’ या ग्रंथात अशा पाच प्रकारच्या उपऱ्यांची गणना आहे. त्यांना ‘अन्यथासिद्ध’ असे नाव आहे. घट तयार होतो तेव्हा कुंभाराचा बाप पूर्वी होऊन गेलेला असतोच. पण तो घटाचे कारण नव्हे. माती वाहून आणणारे गाढव एखाद्या घटापूर्वी तेथे उभे असेल. पण गाढवावाचूनही घट होतात, म्हणून गाढव कारण नव्हे. कॉलेजात हे आम्ही परीक्षेपुरते पाठ केले होते आणि गाढवाच्या उदाहरणाला हसलोही होतो. त्या दिवशी अंगणात आम्ही त्या पोराला जे केले, ते नेमके गाढव करणेच होते. तो आधी तेथे होता, एवढाच त्याच्याविरुद्धचा पुरावा. आणखी एक कारण होते, ते मान्य करण्यास जीभ अडते: तो असा होता की त्याला दोष दिल्याने कोणाचे काही बिघडणार नव्हते.

पुढे जे घडले त्याने तर आमचा निकाल पक्काच केला. काकांनी नवे पॉइंट काढून जुनेच घासूनपुसून परत बसवले, आणि गाडी उत्तम चालू लागली. एक दिवस नव्हे, दोन दिवस नव्हे, अकरा दिवस! पोराचे पॉइंट होते तेव्हा गाडी बंद पडली. ते काढले तेव्हा सुरळीत झाली. याहून स्पष्ट पुरावा तो कोणता? आम्ही मनाशी म्हटले की आपण जे बोललो ते खरेच ठरले. आणि सांगावयास संकोच वाटतो, पण या विचाराने आम्हांला शांत झोप लागली.

बाराव्या दिवशी, सेक्टरांमधल्या मोकळ्या रस्त्यावर, जुने पॉइंट असतानाच गाडीला तीच उचकी लागली.

पोराने घातलेली वस्तू गाडीत नव्हती, आणि बिघाड मात्र होता. शास्त्राच्या भाषेत ज्याला अन्वय व व्यतिरेक म्हणतात (कारण असता कार्य असणे, आणि कारण नसता ते नसणे), त्यातला व्यतिरेक कोसळला. काका रस्त्याच्या कडेला बराच वेळ चाकावर हात ठेवून बसले होते. मग म्हणाले, “आता शोधलं पाहिजे.” ‘आता’ या शब्दाचा अर्थ आम्हांला समजला. आतापर्यंत आम्ही शोधलेच नव्हते. दोष देऊन झाल्याबरोबर शोध थांबला होता. शोधण्याची गरजच उरली नव्हती.

शोध तीन रविवार चालला. अंगणात उभ्या गाडीत सारे काही निर्दोष होते. पेट्रोलचा पंप नेमाने टिकटिकत होता, प्लग काढून पाहिले तर ठिणगी निळी आणि जोरकस पडत होती, कॉइल तापत नव्हती. उभी असताना जी गाडी शंभर नंबरी आणि चालू लागताच खोटी, तिची परीक्षा उभ्याने घेऊन काय उपयोग? (आमच्या कचेरीतील वार्षिक तपासणी आम्हांला येथे आठवते, ती असो.) काकांनी मग कारखान्यातली एक जुनी युक्ती काढली. बारा व्होल्टांचा लहानसा दिवा घेऊन त्याची एक तार कॉइलच्या त्या टोकाला जोडली जेथून प्रवाह डिस्ट्रिब्यूटरकडे जातो, आणि दुसरी गाडीच्या लोखंडी अंगाला. तार बॉनेटच्या फटीतून आत घेऊन दिवा आमच्यासमोर बांधला. युक्तीतले इंगित असे: इंजिन नीट चालू असता पॉइंट उघडमीट करीत असल्याने दिवा मिणमिणता राहील. कॉइलपर्यंत प्रवाहच येईनासा झाला, तर दिवा विझेल. आणि प्रवाह कॉइलपर्यंत येऊन पुढे डिस्ट्रिब्यूटरमध्ये वाट तुटली, तर दिवा स्थिर व पूर्ण तेजाने पेटेल. म्हणजे अलीकडचा बिघाड अंधार करील आणि पलीकडचा उजेड.

काका गाडी चालवीत होते. आम्ही दिव्याकडे पाहत होतो. पहाटेच्या थंडीत दोन-अडीच मैल गेल्यावर उचकी लागली, आणि त्याच निमिषास दिवा लख्ख पेटला. त्याबरोबर आणखी एक गोष्ट आमच्या दृष्टीस पडली. इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या तबकडीवरील काटा एकदम शून्यावर आला. गाडी तर अजून वेगात होती, गिअर पडलेला होता, चाकांबरोबर इंजिन फिरत होते. मग फेरे शून्य कसे? या गाडीतला तो काटा इंजिनाला दांड्याने जोडलेला नाही. कॉइलकडे जाणाऱ्या प्रवाहाचे ठोके तो मोजतो. प्रवाह तुटला की इंजिन फिरत असूनही तो आडवा होतो. पेट्रोल संपले असते तर काटा गाडीबरोबर हळूहळू उतरला असता.

आणि त्या क्षणी आम्हांला आठवले की हे आम्ही पूर्वी पाहिले होते. जी. ई. रोडवर, ट्रक येण्यापूर्वी, पहिल्याच उचकीला काटा असाच पडलेला आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिला होता. बिघाड कोठे शोधावा हे सांगणारी सर्वांत मोलाची साक्ष आमच्याजवळ होती. “तूच सांग” असे काकांनी विचारले, तेव्हा आम्ही काट्याविषयी एक अक्षर काढले नाही; जे पाहिले होते ते सोडून जे पाहिले नव्हते त्याविषयी बोललो. इंजिन बंद पडले म्हणून काटा पडला असेल, असे आम्ही परस्पर ठरवून टाकले होते. खोटी साक्ष म्हणजे न घडलेले सांगणे, असे आपण समजतो. आम्ही न घडलेले काहीच सांगितले नव्हते. आम्हांला काय विचारले आहे याचा अंदाज घेऊन त्या आकाराचे उत्तर दिले होते. काकांना माणूस हवा होता. आम्ही माणूस दिला.

आता वाट पलीकडच्या बाजूला तुटली हे ठरले होते. उरले तीन संशयित: पॉइंट मिटत नसतील, चकतीला अंगाशी जोडणारी लहानशी वेणी तुटली असेल, किंवा ती दोन बोटांची लवचिक तार. गाडी पुन्हा अंगणात आली. पॉइंट मिटलेले राहतील अशा बेताने इंजिन हाताने फिरवून ठेवले, किल्ली लावली. दिवा विझलेला राहिला, म्हणजे वाट अखंड होती. मग शोषणाने हलणाऱ्या त्या पडद्याची नळी काढून तोंडाने ओढावयाची होती. हे काम आमच्या वाट्याला आले. पेट्रोलच्या वासाची ती नळी ओढताच चकती कुरकुरत फिरली, आणि दिवा पेटला. सोडली, दिवा विझला. पुन्हा ओढली, पेटला. काकांनी त्या लवचिक तारेला समांतर एक नवी तार धरली. आता किती ओढले तरी दिवा पेटेना. नवी तार काढली, पुन्हा पेटला. असा निःशंक अन्वय-व्यतिरेक आम्ही ग्रंथातही पाहिला नव्हता. काकांनी ती जुनी तार सोडवून दोन चिमटींत धरून हलकेच ताणली. वरचे आवरण रबरासारखे लांब झाले. आतले धागे केव्हाच तुटलेले होते, आणि तुटलेली टोके गाडी उभी असताना एकमेकांना टेकून अखंडपणाचा आव आणीत होती. गेली साठएक वर्षे ती चकतीबरोबर वाकत होती. पोराने पॉइंट बदलले तेव्हा ती किंचित सरकली असेल. काकांनी पॉइंट परत बसवले तेव्हा ती पुन्हा सरकून टोके बरी टेकली असतील. तेच आमचे अकरा दिवस.

ती तार कोणाच्या चुकीने तुटली? कोणाच्याच नाही. जुन्या इंग्रजी गाड्यांच्या शौकिनांत विजेची उपकरणे बनवणाऱ्या लूकस कंपनीच्या संस्थापकाला ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणण्याची थट्टा जगभर चालते, आणि अशा गाडीचा कोठलाही दिवा मिणमिणला की सारे हसून त्याच्याकडे बोट दाखवतात. ज्या तारेने सहा दशके काम केले तिच्याविषयी ही थट्टा आम्हांला करवली नाही. पोराकडे दाखवलेले बोट आणि हे बोट यांत तत्त्वतः फरक नाही. एवढेच की राजपुत्राची मजुरी कोणी कापीत नाही.

या प्रकरणात दोन सोप्या वाटा होत्या, आणि त्या आम्हांला लोकांनी सुचवल्याही होत्या. एक म्हणजे सगळेच बदलून टाकणे: कॉइल, कंडेन्सर, प्लग, पॉइंट, झाकण, तारा. दुसरी, पॉइंटांच्या जागी झाकणाखाली कोणाला न दिसेल असे इलेक्ट्रॉनिक उपकरण बसवणे. दोन्ही उपायांनी गाडी बहुधा बरी झाली असती. इलेक्ट्रॉनिक उपकरणाबरोबर तर ती लवचिक तारही आपोआपच निघून गेली असती. व्यवहारदृष्ट्या यांत काही गैर नाही. रोज कामावर जाणाऱ्या माणसाने तसेच करावे. पण मग बिघाड नाहीसा झाला असता आणि पोराविषयीचा निकाल मात्र कायम राहिला असता. किंबहुना तो अधिक घट्ट झाला असता. कारण ‘त्याचे पॉइंट काढून टाकले आणि गाडी सुधारली’ हे वाक्य आम्ही जन्मभर खरे मानून सांगत राहिलो असतो. दुरुस्तीने रोग जातो. आरोप जाण्यास कारण कळावे लागते. आम्ही पूर्वी समजत होतो की कारण जाणण्याची हौस ही विद्वानांची चैन आहे. एखाद्या माणसाची पंधरा दिवसांची मजुरी त्यावर अवलंबून असू शकते, हे आम्हांला ठाऊक नव्हते.

आमची नोकरी केंद्र सरकारच्या एका कचेरीत आहे. तेथे काही बिघडले की फायलीवर पहिला शेरा पडतो: जबाबदारी निश्चित करण्यात यावी. ‘कारण शोधण्यात यावे’ असा शेरा आमच्या दहा-बारा वर्षांच्या नोकरीत आम्ही क्वचितच पाहिला. जबाबदारी निश्चित झाली की फाईल बंद होते. आणि ज्या टेबलावर ती निश्चित होते ते बहुधा सर्वांत लहान असते. उलट, वरच्या टेबलावर काही शेकू लागले तर ‘तांत्रिक कारणास्तव’ हे शब्द धावून येतात. पोराच्या बाबतीत यंत्राचा बिघाड माणसाच्या माथी मारला. येथे माणसाची चूक यंत्राच्या माथी मारली जाते. कोणी म्हणेल की दोष देणेच सोडले तर शिस्त कशी राहणार? हा आक्षेप खोटा नाही. भिलाईत तर तो हसण्यावारी नेता येत नाही. जून २०१४ मध्ये येथील कारखान्यात विषारी वायू गळून सहा माणसे गेली. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कोक ओव्हनच्या वायुवाहिनीस आग लागून दहाहून अधिक गेली. अशा ठिकाणी कोणाचे काय कर्तव्य होते, हे विचारलेच पाहिजे. मेलेल्यांच्या घरच्यांचा तो हक्क आहे. पण त्या घरांतल्या माणसांना दुसराही एक हक्क आहे, आणि तो त्याच नळ्यांखाली उद्या पाळीवर जाणाऱ्यांचाही आहे: नेमके काय तुटले ते कळण्याचा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी दिले की दुसरा विचारण्याचा उत्साह ओसरतो, हे आम्ही एका लहान अंगणात अनुभवले. क्रम उलटा ठेवला असता तर पहिल्या प्रश्नाचे उत्तरही वेगळे आले असते.

पोराचा पत्ता लागण्यास आठवडा गेला. तो दुर्गला दुचाकी दुरुस्तीच्या एका टपरीवर काम करीत होता. काकांनी मजुरीचे पाकीट दिले होते; गुडघे दुखतात म्हणून ते स्वतः आले नाहीत, असे त्यांनी सांगितले, आणि आम्ही ते मानले. आम्ही पोराला बाजूला घेऊन हिंदीत सांगितले की चूक त्याची नव्हती, आणि आम्ही जे बोललो ते बोलावयास नको होते. त्याने पाकीट उघडून पैसे मोजले व खिशात ठेवले. आमच्या क्षमेविषयी तो काही बोलला नाही. मग त्याने विचारले, “निकला क्या था?”

आम्ही तार बरोबर नेली होती. दिव्याची हकीकत सांगितली, नळी तोंडाने ओढल्याची सांगितली; तेथे तो पहिल्यांदा हसला. तार त्याने उजेडात धरली, दोन्ही टोके चिमटीत घेऊन ताणली, सोडली, पुन्हा ताणली.

“ये तो अंदर से गया हुआ था,” तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने, आमच्याकडे न पाहता, “पॉइंट डालते टाइम खींच के देखना था मेरे को.”

तसे नाही, असे आम्ही म्हणणार होतो. पण पॉइंट बदलताना त्याच्या हाताने ती तार हलली होती की नव्हती, ताणून पाहिली असती तर सापडली असती की नसती, हे आम्हांला खरोखरच ठाऊक नव्हते. आणि ठाऊक नसलेले त्याच्याविषयी एकदा बोलून झाले होते. तेवढ्यात कोणी मोपेड ढकलीत घेऊन आला. पोराने तार वरच्या फळीवरील खिळ्यांच्या डब्यात टाकली आणि त्या माणसाला विचारले, “चलते-चलते बंद हुई, के खड़े-खड़े?”